शेजार : एक विस्मृत यज्ञ

गृहस्थाश्रमी मनुष्याने पाच महायज्ञ नित्य करावेत, असे आपले शास्त्र सांगते. देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि ब्रह्मयज्ञ अशी त्यांची गणना तैत्तिरीय आरण्यकात आहे. यांपैकी देवपूजा व पितरांचे स्मरण आपल्या घरांतून यथाशक्ति घडते. मनुष्ययज्ञ म्हणजे दारी आलेल्याचा सत्कार, एवढेच आपण जाणतो. परंतु जो आपल्या दारी कधी येत नाही आणि तरी रोज आपल्या जवळच राहतो, त्याचे काय?

आमचा रहिवास पोलोग्राउंडचा. नाव घोडेस्वारांच्या खेळाचे. पण आज येथे कानी पडतो तो लेथचा आणि घणाचा आवाज. लहानमोठे कारखाने, वीज वितरण कंपनीचे कार्यालय आणि मालमोटारींची वर्दळ. येथे यंत्रे नांदतात, शेजार मात्र राजवाड्याजवळच्या जुन्या वस्त्यांत असतो, अशी आमची अनेक वर्षांची समजूत होती.

गतवर्षी खंडेनवमीस तीर्थरूपांना ज्वर आला आणि कारखान्यांतील यंत्रपूजेचे काम आमच्याकडे आले. पहिल्याच ठिकाणी मराठी आरती सुरू होताच एका वृद्ध कारागिराने खणखणीत सूर धरला. त्यांचे आजोबा गिरणीत काम करण्यासाठी खानदेशातून इंदुरास आले होते. दुसऱ्या ठिकाणी बिहारकडील तरुणांनी यंत्रांना झेंडूच्या माळा घालून ठेविल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी पहारेकऱ्याने प्रथम विचारले, ते वडिलांच्या प्रकृतीविषयी. मग म्हणाला, “पंडितजी रोज पहाटे येथूनच देवळात जातात. ते पुढे जाईपर्यंत फाटकावरचा दिवा मी मालवीत नाही. चार दिवस झाले, ते दिसले नाहीत.”

अकरा वर्षे हा दिवा आमच्या घरासाठी जळत होता, आणि लावणाऱ्याचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते! मंत्र म्हणावयास गेलेले आम्ही तेथे मान खाली घालून उभे राहिलो.

शेजार हा केवळ जवळ राहिल्याने होत नाही. काहीतरी एकत्र केल्याने होतो. आपल्या इंदूरच्या इतिहासातच याचा एक धडा आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना येथे बोलाविण्यात आले. त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्या काळी शहर प्लेगने त्रस्त होते. गेडिस यांनी हुकूम व दंड यांवर भिस्त न ठेवता दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक योजिली. जे रस्ते अधिक स्वच्छ व जेथील घरे अधिक डागडुजी केलेली, तेथूनच ती जाईल, असे जाहीर झाले. मग काय! आळीआळीने झाडलोट व रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र वस्त्रांत मानाने चालले, प्लेगचा भलामोठा उंदीर मिरविला गेला आणि तुळशीची रोपे वाटली गेली. एकाच आळीतील माणसे एका कामास लागली, हे त्या उत्सवाचे खरे फळ. २०१७ पासून स्वच्छतेत देशात अग्रस्थान मिळविणाऱ्या या नगरीने एवढे ध्यानी घ्यावे की, रस्ता झाडला म्हणजे काम अर्धे झाले. रस्त्यावरील माणूस ओळखला म्हणजे ते पुरे झाले.

असो. दुसऱ्या दिवशी विजयादशमीस आम्ही आपट्याची पाने घेऊन पुन्हा त्या फाटकाशी गेलो. अशक्त असूनही वडील हट्टाने बरोबर आले. त्यांनी पहारेकऱ्याच्या हाती सोने ठेविले आणि प्रथमच त्याचे नाव विचारले. तो सांगताना हसला, आणि वाकून नमस्कार करू लागला, तेव्हा वडिलांनी त्याला वरच्यावर धरिले.

सभासद कुटुंबांना आमची विनंती अशी की, पुढील अंकापर्यंत एक छोटा नेम धरावा. आपल्या रस्त्यावरील ज्या पाच माणसांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, ती विचारून घ्यावीत. मुलांनाही बरोबर न्यावे. एखाद्या घरी प्रसाद पोचवावा, एखाद्या आजाऱ्याची विचारपूस करावी. यास खर्च नाही, मुहूर्तही लागत नाही. आपल्यासाठी कोठे कोणता दिवा जळत आहे, हे मात्र यावाचून कळावयाचे नाही.