मल्लाची पुण्यतिथी कशी पाळावी

बुऱ्हाणपूर,
आषाढ वद्य दशमी

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, येत्या नागपंचमीला गावच्या आखाड्यात दंगल सुरू होण्यापूर्वी अकाली गेलेल्या मल्लांना आदरांजली वाहण्याचा चिरंजीवाचा बेत घरी कळला. त्यासाठीच्या फलकावर दूरचित्रवाणीमुळे परिचित झालेल्या अमेरिकी पैलवानांची छायाचित्रे असणार आहेत आणि हार, दोन मिनिटांची स्तब्धता व एक भाषण असा कार्यक्रम ठरला आहे, असेही समजले. बेत स्तुत्य आहे. मात्र मल्लाचे स्मरण करणे म्हणजे त्याच्या मृत्यूचे कारण जाणून घेणे व ते कारण पुढच्या मल्लाच्या वाटेतून दूर करणे होय. हा अर्थ सुटला तर आदरांजली हा केवळ उपचार उरतो. तालमीत राहणाऱ्या तरुणाने ही गोष्ट फलक छापण्याआधी समजून घ्यावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

या विषयाला बुऱ्हाणपूरइतका बोलका दाखला क्वचित कुठल्या गावाकडे असेल. 1631 च्या जूनमध्ये मुमताजमहल याच गावी चौदाव्या बाळंतपणात वारली, तेव्हा तिने वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस शव आग्र्याला हलवण्यात आले आणि पुढे तिच्यासाठी ताजमहाल उभा राहिला. स्मारक म्हणून त्याला तोड नाही. परंतु वारंवारच्या बाळंतपणाने बाई दगावते हे उघड कारण त्या संगमरवराने यत्किंचितही बदलले नाही, आणि त्यानंतरही शतकानुशतके स्त्रिया तशाच दगावत राहिल्या. आदरांजली दोन प्रकारची असते, एक वास्तूची आणि दुसरी नियमाची; पहिली डोळ्यांत भरते, दुसरी कोणाच्या लक्षातही येत नाही, पण जीव वाचतो तो दुसरीमुळे.

चिरंजीवाच्या फलकावरील पैलवान हे व्यावसायिक कुस्तीतले, म्हणजे ज्या खेळात जय-पराजय आधी ठरलेला असतो व प्रेक्षकांसमोर त्याचे नाट्य केले जाते त्या प्रकारातले. मातीतला पैलवान या प्रकाराला नाके मुरडतो. तथापि निकाल ठरलेला असला तरी पडणे खरे असते, मार खरा असतो आणि महिन्यातून कित्येक रात्री दुखऱ्या अंगाने पुन्हा उभे राहावे लागते, त्यामुळे वेदनाशामक गोळ्या, शरीर फुगवणारी संप्रेरके आणि थकलेले हृदय ही त्या धंद्याची नित्याची सोबत झाली. ओवेन हार्ट हा कॅनडाचा मल्ल 23 मे 1999 रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे छतावरून दोराने खाली उतरण्याची करामत करताना सुमारे 78 फुटांवरून कोसळला व वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्या रात्रीचा कार्यक्रम आयोजकांनी तसाच पुढे चालू ठेवला आणि दुसऱ्या रात्री त्याच्या नावे श्रद्धांजलीचा खास कार्यक्रम केला. ज्या करामतीची कुस्तीला काडीची गरज नव्हती तिच्यापायी माणूस गेला, हे त्या श्रद्धांजलीच्या अश्रूंत कोणी सांगितले नाही. त्याच्या पत्नीला त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

याउलट एडी गरेरो 13 नोव्हेंबर 2005 रोजी हॉटेलच्या खोलीत हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याचे वय अवघे अडतीस होते. या मृत्यूनंतर तीन-चार महिन्यांतच त्याच्या कंपनीने मल्लांची औषधचाचणी आणि हृदयतपासणी करण्याचे धोरण जाहीर केले. ते परिपूर्ण नव्हते व त्यानंतरही तरुण मृत्यू घडले, परंतु एका मल्लाच्या नावाने नियम बदलला. तिसरे उदाहरण त्याच कंपनीच्या क्रिस बेन्वाचे आहे आणि ते सर्वांत कठोर आहे. जून 2007 मध्ये त्याच्या मृत्यूची बातमी येताच त्याच रात्री घाईघाईने त्याच्या गौरवाचा कार्यक्रम प्रसारित झाला आणि थोड्याच वेळात उघड झाले की त्याने पत्नीचा व लहान मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली होती. पुढे त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा वर्षानुवर्षे डोक्यावर बसलेल्या आघातांनी झालेली गंभीर हानी दिसून आली. त्या हानीने त्याच्या कृत्याचे समर्थन होत नाही, पण कारण कळण्याआधी गौरव करू नये आणि कारण कळल्यावर गप्प बसू नये, असे दोन्ही धडे त्यातून मिळतात. डोक्यावर खुर्ची मारण्याच्या प्रकाराला पुढे त्या कंपनीने बंदी घातली.

हे सर्व परदेशातील तमाशाचे झाले, लाल मातीशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न चिरंजीवाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आता खऱ्या कुस्तीकडे वळावे. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अवघ्या पाच आठवड्यांत अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल मरण पावले: बिली जॅक सेलर, जोसेफ लारोसा आणि जेफ रीस, अनुक्रमे एकोणीस, बावीस व एकवीस वर्षांचे. तिघेही वजन उतरवत होते. खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम बाहेर जाऊ न देणारा रबरी पोशाख चढवून, तापलेल्या खोलीत व्यायाम करत शरीरातले पाणी काढून टाकणे याला वजन उतरवणे म्हणतात. त्यात रक्ताचे प्रमाण घटते, शरीराचे तापमान चढते आणि हृदयावर असह्य भार येतो. त्या तिघांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी पोशाख व बाष्पस्नान यांवर बंदी घातली, प्रत्येक वजनगट सात पौंडांनी वाढवला आणि वजन कुस्तीच्या अगदी आधी घेण्यास सुरुवात केली, जेणेकरून वजन उतरवून पुन्हा पाणी पिण्यास उसंतच मिळू नये. या तिघांचे पुतळे फारसे कोणी पाहिले नसतील, पण त्यांच्या नावाने जी आदरांजली वाहिली गेली ती प्रत्येक हंगामात नव्या मुलांचे रक्षण करते. हा धोका जुना झाला असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाट 100 ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा त्या 100 ग्रॅमांसाठी रात्रभर उपाशीतहानेली राहून तिने काय काय सोसले हे साऱ्या देशाने ऐकले.

मातीच्या दंगलीत वजनाचा काटा नसतो. तेथे वस्ताद जोड लावतो, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी घालायची ते नजरेने ठरवतो. म्हणून मातीतला धोका निराळा आहे आणि तो मानेचा आहे. 2018 च्या चैत्रात कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात बांदिवडे गावी यात्रेच्या मैदानात कुस्ती खेळताना विशीतल्या एका मल्लाच्या मानेला जबर दुखापत झाली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. त्याचे चित्रीकरण पुढे हातोहाती फिरले. चिरंजीव ज्या कोल्हापुरात सराव करतो तिथलीच ही घटना असल्याने फलकावर पहिली ओळ तिची असावी, मात्र त्या मुलाच्या घरच्यांना विचारल्याखेरीज त्याचे छायाचित्र लावू नये. मानेतील मणक्यांतून जे मज्जातंतू निघतात त्यांपैकी वरचे तंतू श्वासपटलाला, म्हणजे छाती व पोट यांमधल्या श्वास ओढणाऱ्या स्नायूला हलवतात. तेथे इजा झाली तर हातपाय लुळे पडतातच, शिवाय श्वासही थांबू शकतो. अशा वेळी जखमी मल्लाला बगलेत धरून उभे करणे, तोंडावर पाणी मारून हलवणे किंवा मान ओढून बसवणे हे मायेपोटी केले जाते आणि तेच जिवावर बेतते. पडलेल्या मल्लाचे डोके दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरून ठेवावे, त्याला बोलते करावे, आणि फळीवर घेऊनच रुग्णवाहिकेत चढवावे.

दुखापत होण्याआधीचे काम तर त्याहून सोपे आहे आणि म्हणूनच ते कोणी करत नाही. तालमीच्या हौद्यातली माती हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली व रोज उकरलेली असते. दंगलीच्या मैदानात मात्र टणक जमिनीवर आदल्या संध्याकाळी ट्रॉलीभर माती पसरली जाते, श्रावणातल्या सरीने ती बसते आणि वरून मऊ दिसणाऱ्या थराखाली दगडासारखी भुई राहते. धोबीपछाड किंवा कलाजंग यांसारख्या डावांत, ज्यांत प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून उचलून फेकतात, पडणाऱ्याचा भार डोक्यावर येऊ शकतो. तेव्हा खाली माती किती खोल आहे यावरच पुढचे सारे अवलंबून असते. दंगलीच्या पहाटे फावड्याने माती खोल उकरून, ढेकळे फोडून, खडे वेचून काढणे हे काम चिरंजीवाने स्वतः अंगावर घ्यावे. त्या दिवशीचे पहिले अभिवादन तेच होय.

मृत्यूचे तिसरे दार तालमीबाहेर उघडते. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी डॉक्टर वापरतात ते मेफेंटरमाइन नावाचे औषध महाराष्ट्रात व्यायाम करणाऱ्या तरुणांना ताकदीचे इंजेक्शन म्हणून चोरून विकले गेल्याचे पोलिसांच्या कारवायांतून समोर आले आहे. त्याने दम वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षात हृदयाला चाबूक बसतो. वस्तादांच्या पिढीने जोर, बैठका आणि सपाट्या यांवर जे शरीर घडवले त्याला दहा-बारा वर्षे लागत. ते सहा महिन्यांत मिळवून देणारा मनुष्य कितीही ओळखीचा असला तरी तो मित्र नव्हे. तसेच कुस्ती सुटल्यावर खुराक सुटत नाही, हाही एक दोष आहे: मेहनत बंद होते, तूप, बदाम आणि थंडाई मात्र चालू राहते आणि चाळिशीच्या आत रक्तदाब, मधुमेह यांची सुरुवात होते. खुराक हा मेहनतीच्या हिशेबाने ठेवायचा असतो, मानाच्या हिशेबाने नव्हे.

शेवटची गोष्ट हयातीतल्या मानाची व मदतीची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करावी लागली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. पुढे पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले खाशाबा 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ते अपघातात वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी मिळाला आणि दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव 2010 मध्ये दिले गेले. हे वरातीमागून घोडे होय. हयातीत जो मान आणि जी मदत माणसाच्या हाती पडायला हवी ती त्याच्या तसबिरीला मिळाली, तर तसबिरीखेरीज कोणाचा लाभ झाला, याचा विचार दंगल भरवणाऱ्या प्रत्येक पंचाने करावा.

सारांश, चिरंजीवाने फलक अवश्य लावावा. मात्र त्यावर प्रत्येक मल्लाच्या नावाखाली जन्म-मृत्यूच्या सालांसोबत मृत्यूचे कारण एका ओळीत लिहावे आणि हार घालण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावे. भाषणाची वेळ डॉक्टरांना द्यावी व आखाड्यातल्या सर्व मुलांचा रक्तदाब त्याच जागी मोजून घ्यावा. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मैदानाशी उभी राहावी म्हणून जिल्हा रुग्णालयाला आठवडाभर आधी अर्ज द्यावा, आणि ती आली नाही तर निकाली कुस्त्या लावू नयेत, मग इनामाची रक्कम कितीही मोठी असो व पाहुणे कितीही मोठे असोत. वयाला वा ताकदीला न शोभणारी जोड लागत असेल तर शड्डू ठोकण्याआधी वस्तादांना नम्रपणे नाही म्हणावे. त्यात पैलवानकीला कमीपणा नाही. जमलेल्या वर्गणीतून हारांवरचा खर्च निम्मा करून उरलेल्या पैशांत आखाड्यातल्या मुलांचा अपघात विमा उतरवावा.

एवढे झाले तर त्या नागपंचमीला वेगळी आदरांजली वाहावी लागणार नाही, आणि न झाले तर पुढच्या वर्षीच्या फलकावर एखाद्या नव्या नावासाठी जागा ठेवावी लागेल. मामाची इच्छा एवढीच, की बुऱ्हाणपूरच्या फलकावर ते नाव कधी लिहावे लागू नये.

कळावे. घरी सर्व क्षेम. तब्येतीस जपावे.

शुभाशीर्वादपूर्वक,
मामा