नखांना पाण्याची बाधा

चि. सायली,


तू पाठवलेले फोटो चष्मा लावून नीट पाहिले. नखांच्या टोकांना पापुद्रे सुटलेत आणि मुळाशी कातडी कोरडी पडून सालपटं उभी राहिलीत. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का, म्हणतेस. नको. नखात कॅल्शियम नावापुरतंच असतं. नख बनतं ते केसांसारखं केरॅटिनचं. आधी पायाची नखं बघ. ती धडधाकट असतील तर दोष बहुधा खाण्यात नाही, हातांच्या हालांत आहे.

आणि ते हाल तर दिसतातच. वॉर्डात दर पेशंटनंतर हात धुवायचे, मध्ये मध्ये सॅनिटायझर, खोलीवर आलं की भांडी नि कपडे. नख पाण्यात फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसभर हेच चाललं की त्याचे थर एकमेकांना सोडतात. ड्युटीवरचं हात धुणं चुकवता येणार नाही, चुकवूही नयेस. पण भांडी घासताना रबरी हातमोजे घाल, आत पातळ सुती मोजे असू देत. हात धुतल्यावर टिपून घे आणि जमेल तेव्हा लगेच क्रीम लाव. रात्री मात्र न चुकता नखांच्या मुळाशी आणि टोकांखाली व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळ. महागड्या तेलाच्या बाटल्यांवर पगार उडवू नकोस.

नखाच्या मुळाशी जी कातडीची बारीक किनार असते, तिला कुणाला हात लावू देऊ नकोस. पार्लरवाली ‘साफ करते’ म्हणून ती कापते. अगं, ती मळ नव्हे, पहारा आहे! ती असते म्हणून पाणी नि जंतू आत शिरत नाहीत. ती गेली की नखुरडं झालंच म्हणून समज. सालपट दातांनी ओढायची तुझी सवय लहानपणापासूनची. आता नेलकटरने बुडाशी अलगद काप आणि सोडून दे. नखुरडं झालंच तर आजी लिंबात बोट खुपसायला सांगेल. तिच्याशी वाद घालू नकोस, पण ठणका लागला किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखव.

लग्नासाठी लावलेलं जेल पॉलिश नखांनी खरवडून काढलंस ना? त्याबरोबर नखाचा वरचा थरही निघतो.

पायाची नखंही फुटत असतील, किंवा नखं चमच्यासारखी खोलगट होत असतील, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून बायोटिन घेत असलीस तर आधी डॉक्टरांना सांग; त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून नवं यायला ४ ते ६ महिने. तेव्हा पंधरा दिवसांनी फोन करून ‘मावशी, काहीच फरक नाही’ असं म्हणू नकोस.

तुझी,
मावशी