देवदार तेल: नाव एक, झाडे दोन

देवदार आपल्या भंडाऱ्याच्या जंगलातला नाही, हिमालयातला. त्याच्या लाकडाच्या तेलात मुख्यतः हिमाचलीन ही द्रव्ये असतात. अमेरिकन 'सिडरवुड' तेल मात्र ज्युनिपरचे. त्यात सिड्रीन, थुजोप्सीन, सिड्रॉल. म्हणून बाटलीवर झाडाचे शास्त्रीय नाव नसेल तर घेऊ नका, असे आम्ही सांगतो.

सांध्याला लावायचेच तर चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा. तान्ह्या बाळाच्या छाती-नाकाला मुळीच नको.

लेकराने तेल प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका (ही खोड आपल्याकडे फार!). तेल फुफ्फुसात गेले की जीवावर बेतते. 108 ला फोन करा, बाटली सोबत न्या.