गंडकीकाठची माती

अनेक मराठी घरांच्या देव्हाऱ्यात एक काळा, वाटोळा, गुळगुळीत दगड असतो. त्याला शाळिग्राम म्हणतात. रोज त्याला स्नान घालतात, त्यावर तुळशीपत्र वाहतात. काही शाळिग्रामांवर चक्रासारखी सुबक वळणे दिसतात. ती पाहून कोणास वाटेल, की एखाद्या कुशल कारागिराने ती कोरली असावीत. परंतु तसे नाही. हे दगड नेपाळात काळी गंडकी नदीच्या पात्रात सापडतात आणि ही वळणे एका प्राण्याच्या शंखाची आहेत. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी हा प्राणी समुद्रात राहत असे. त्याला अमोनाइट असे नाव आहे.

समुद्रातील शंख हिमालयाच्या कुशीत कसा गेला? आज जेथे हिमालय आहे, तेथे फार प्राचीन काळी टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाशी लक्षावधी वर्षे गाळ साचत होता. असंख्य जलचरांचे शंख-शिंपले त्यात मिसळत होते. त्या साचलेल्या थरांपासून चुनखडीचे जाड खडक बनले. पुढे भारताची भूमी हळूहळू उत्तरेकडे सरकत आशिया खंडाला जाऊन भिडली, आणि मधला समुद्रतळ दाबला जाऊन सुरकुत्या पडलेल्या वस्त्राप्रमाणे वर उचलला गेला. त्यामुळेच समुद्रतळाचे दगड आज बर्फाच्या शिखरांजवळ दिसतात.

या खडकांना चिरीत काळी गंडकी खाली येते. तिच्या एका अंगास ८,१६७ मीटर उंचीचा धौलागिरी आणि दुसऱ्या अंगास ८,०९१ मीटर उंचीचा अन्नपूर्णा असे दोन प्रचंड पर्वत उभे आहेत. त्यांच्यामधील खोल दरीतून वाहताना नदी खडक फोडते, दगडांवर दगड आपटते, त्यांचे गोटे करते आणि गोट्यांचा चुरा करते. वाटेत तिला अनेक नद्या मिळतात. शेवटी त्रिवेणीजवळ ती डोंगर सोडून मैदानात उतरते आणि बिहार राज्यात शिरते. तेथे तिला नुसती गंडक म्हणतात. चंपारण, सारण, मुझफ्फरपूर, वैशाली या भागांना पाणी देत ती पाटण्यासमोर हाजीपूरजवळ गंगेला मिळते.

डोंगरात धावणारी नदी मैदानात आली की मंदावते. ओझे घेऊन पळणाऱ्या माणसाची गती कमी झाली की तो आधी जड गाठोडे खाली ठेवतो. नदीचेही तसेच आहे. मोठे गोटे ती डोंगराच्या पायथ्याशीच टाकते. पूर येऊन पाणी काठाबाहेर पसरले, की काठालगत वाळू पडते, थोड्या अंतरावर बारीक गाळ बसतो आणि लांबच्या खोलगट जागी, जेथे पाणी कित्येक दिवस स्तब्ध उभे राहते, तेथे अगदी सूक्ष्म चिकणमाती साचते. अशा खोलगट जागांना तिकडचे लोक ‘चौर’ म्हणतात. नदीने प्रवाह बदलला की जुन्या पात्राचे धनुष्याकार तळे मागे राहते. त्याला चंपारणात ‘मन’ असे छोटेसे नाव आहे. बुढी गंडक, म्हणजे म्हातारी गंडक, ही नदी तर गंडकीच्या एका जुन्या पात्रातूनच वाहते, असे मानतात.

महाराष्ट्रात विहीर खणताना थोडी माती लागते, मग मुरूम लागतो आणि मग काळा पाषाण. सुरुंग लावल्यावाचून पुढे जाता येत नाही. गंडकीच्या मैदानात विहीर खणणाऱ्यास सुरुंगाची गरजच पडत नाही. पुरुषभर खणा, दहा पुरुष खणा, तेथे मातीच लागते. तेथील मुलांना खेळण्यासाठी खडे गोळा करायचे झाले, तर ते कोठून आणणार, हा प्रश्नच आहे! झाडांची मुळे मात्र या मातीत मनसोक्त खोल जातात. त्यांना वाटेत अडविणारा दगड नसतो.

नदीने तोडलेल्या दरडीजवळ उभे राहिले तर या मातीची घडण स्पष्ट दिसते. पोळ्यांची चवड रचावी तसे थरावर थर असतात. एक थर पिवळसर वाळूचा, त्यावर करड्या गाळाचा, मध्येच एखादा काळसर. तो काळसर थर म्हणजे कधीकाळची शेतजमीन होय. तिच्यात पाने, मुळे कुजून तिला तो रंग आला आणि मग एखाद्या मोठ्या पुराने तिच्यावर नवा गाळ पसरून तिला झाकून टाकले. सामान्यतः मातीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश वर जास्त व खाली कमी कमी होत जातो. पूरमैदानात हा नियम पुष्कळदा मोडतो, त्याचे कारण हेच.

वाळू, गाळ आणि चिकणमाती ही तिन्ही योग्य प्रमाणात मिसळली, की तिला पोयट्याची माती म्हणतात. नुसती वाळू पाणी धरीत नाही. सकाळी पाजलेले पाणी संध्याकाळी दिसेनासे होते. नुसती चिकणमाती पाणी सोडीत नाही. पावसात ती राड होते आणि उन्हात तिच्या भेगांत पाय अडकतो. पोयटा या दोहोंच्या मधला आहे. त्यातून जादा पाणी निथळून जाते आणि मुळांना लागेल तेवढे राहते. ही माती ओळखण्याची रीत सोपी आहे. ओली माती मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो; परंतु बोटांनी लांब वळी करू लागले तर ती थोड्या लांबीवरच तुटते. वाळूचा गोळाच होत नाही, आणि चिकणमातीची वळी सहज लांबत जाते. गंडकीकाठच्या शेतकऱ्यांनी वाळूमिश्रित पोयट्याला ‘बलसुंदरी’ असे गोड नाव दिले आहे. जड चिकणमातीला ते ‘मटियारी’ म्हणतात. कोणत्या मातीवर त्यांचे अधिक प्रेम आहे, हे नावांवरूनच कळते.

या मातीचा खरा विशेष मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले, तर ती सरसर आवाज करीत फेसाळते. प्रयोगशाळेत चुनखडीवर आम्ल टाकले असता असेच होते. मातीतील चुनखडीचा अंश आम्लाशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे बाहेर पडतात. चुनखडीच्या डोंगरांतून आलेल्या गंडकीच्या गाळात हा अंश इतका आहे, की काही ठिकाणी शंभर भागांत तीस भागांहून अधिक चुनखडीच भरते. पूर्वेकडील कोसी नदीही हिमालयातूनच येते. परंतु तिच्या गाळात चुनखडी जवळजवळ नसते. एकाच राज्यात, एकाच पर्वतातून उतरलेल्या दोन नद्यांच्या मातीत एवढे अंतर आहे.

चुनखडी असलेली माती आंबट होत नाही आणि कॅल्शियमची वाण तिला कधी पडत नाही. परंतु याच चुनखडीमुळे इतर अन्नद्रव्ये अडकून पडतात. शेतकरी स्फुरदाचे खत घालतो, तर मातीतील कॅल्शियम त्याच्याशी संयोग पावते आणि बरेचसे स्फुरद पिकाच्या हाती लागत नाही. लोह व जस्त ही द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत. घरात धान्याची कोठी भरलेली असावी आणि तिची किल्ली हरवावी, तशी पिकाची स्थिती होते. महाराष्ट्रातील चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात; त्यास शेतकरी ‘केवडा’ पडला असे म्हणतात. तो बहुधा लोह न मिळाल्याचाच परिणाम असतो.

जस्ताची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तराई नावाचा प्रदेश आहे. तेथील चुनखडीयुक्त जमिनीत भाताच्या पानांवर तांबूस तपकिरी डाग पडत आणि रोपे खुरटत. या रोगाला लोक ‘खैरा’ म्हणत. हा रोग कोणत्या जंतूमुळे होतो, याचा शोध चालला होता. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले, की येथे जंतूचा काही अपराध नाही. भाताला जस्त मिळत नाही, एवढेच. जस्ताचे सल्फेट पाण्यात विरघळवून पानांवर फवारले आणि रोपे पुन्हा हिरवी झाली. मुळांची वाट बंद होती, म्हणून पानांच्या वाटेने अन्न दिले. गंडकीकाठीही जस्ताची हीच उणीव आहे, आणि तेथील शेतकरी आता खतांबरोबर जस्ताचे सल्फेट वापरतात.

एवढी अडचण असूनही ही भूमी पिकते, आणि तीही भरभरून. पावसाळा सरला तरी मातीत ओल टिकून राहते, त्यामुळे हिवाळ्यात गहू, मोहरी व मका येतो. ऊस, तंबाखू, हळद यांची शेते दूरवर पसरलेली दिसतात. लिचीच्या झाडाला तर अशी खोल, ओलसर, चुनखडीची माती फार मानवते. मुझफ्फरपूरच्या शाही लिचीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

परंतु ज्यांनी ही माती कसली, त्यांना तिचे सुख नेहमीच लाभले असे नाही. इंग्रजी अमलात चंपारणच्या शेतकऱ्याला दर वीस कठ्ठे जमिनीपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावावीच लागे. या पद्धतीस ‘तीनकठिया’ म्हणत. १९१७ साली महात्मा गांधी तेथे गेले, त्यांनी खेड्यापाड्यांतून फिरून हजारो शेतकऱ्यांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या आणि १९१८ साली कायद्याने ही पद्धत बंद झाली. त्या वेळी मुंबईहून अवंतिकाबाई गोखले चंपारणात गेल्या होत्या. बडहरवा या गावी त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविले.

जवळच समस्तीपूर भागात पुसा हे गाव आहे. तेथे १९०५ साली शेतीच्या संशोधनाची एक मोठी संस्था स्थापन झाली. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी उत्तर बिहारला भयंकर भूकंपाचा धक्का बसला. ज्या मातीच्या खोलीचे एवढे कौतुक, तीच त्या दिवशी घातक ठरली. खाली घट्ट खडक नाही आणि पाण्याने भिजलेली सैल वाळू मात्र खूप. हादऱ्याने ती वाळू पाण्यासारखी पातळ झाली. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून वाळू व पाणी यांची कारंजी उसळली, विहिरी वाळूने भरून गेल्या आणि उभी शेते वाळूखाली गेली. पुसा येथील संस्थेची इमारतही मोडली. १९३६ साली ती संस्था दिल्लीस हलविण्यात आली. मात्र दिल्लीतील त्या जागेलाही लोक पुसा हेच नाव देतात. जुन्या पुसा गावी आज डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे.

पुरापासून गावे वाचावीत म्हणून गंडकीच्या दोन्ही तीरांवर लांबच लांब बांध घातलेले आहेत. बांधाबाहेरील शेतांत आता पुराचे पाणी क्वचितच शिरते, आणि त्यामुळे नवा गाळही येत नाही. बांधाच्या आत, नदीलगतच्या भूमीला ‘दियारा’ म्हणतात. तेथे अजूनही दर पावसाळ्यात नदी देते आणि नेते. कोणाच्या शेताची दरड कोसळून वर्षाची जमीन एका रात्रीत वाहून जाते. कोणाच्या शेतावर हातभर नवी माती चढते. पाणी ओसरले, की दियाऱ्यातील शेतकरी चिखल तुडवीत आपली जागा शोधू लागतो. बांधही बदललेले असतात, कधी झाडाची खूणही उरलेली नसते. तो खाली वाकतो, मूठभर माती उचलतो आणि दाबून पाहतो. गोळा झाला, तर गाळ बसला आहे. त्यात मका व मोहरी पेरता येईल. वाळू बोटांतून गळून गेली, तर ते पीक या वर्षी नाही. मग तो वाळूत खड्डे घेतो, त्यांत शेणखत भरतो आणि परवर, काकडी व कलिंगडाचे वेल लावतो.