अर्ज कुणाचे गेले नाहीत?

पालकहो,

मूल चौथी-पाचवीत गेलं की विरार-नालासोपाऱ्यात स्कॉलरशिप आणि नवोदयच्या क्लासचे फलक डोळ्यांत भरू लागतात. ज्यांना परवडतं ते फी भरतात. त्यांची मुलं परीक्षेला बसतात, त्यातली काही चमकतात आणि आपण म्हणतो, पोरगं मुळातच हुशार. पण परीक्षेला जी बसलीच नाहीत त्यांचं काय?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका मोठ्या शहरी शाळा-विभागात प्रज्ञावान मुलांच्या कार्यक्रमासाठी पालक किंवा शिक्षक नाव सुचवत. २००५ मध्ये त्या विभागानं दुसरीतल्या सगळ्याच मुलांची एक छोटी चाचणी घ्यायला सुरुवात केली. पात्रतेची अट तसूभरही सैल केली नव्हती. तरी गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं निवडली गेली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्धी आधीपासून होतीच, तिचं नाव घेणारं कुणी नव्हतं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत? ती गुरं राखायला जातात म्हणून. मग शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या अनुताईंनी १९९२ पर्यंतचं सारं आयुष्य या कामाला दिलं. त्यांनी ‘प्रज्ञावान’ मुलं शोधली असं कुणी म्हणणार नाही. मी मात्र म्हणतो. झाडपाला ओळखणारं, गुरांच्या खुणा लक्षात ठेवणारं मूल मठ्ठ नाही हे ज्याला दिसतं, त्यालाच हुशारी शोधता येते.

वसईच्या पूर्वेला वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातलं मूल शाळेत मुकं बसतं, कारण घरची भाषा वेगळी. तेच मूल संध्याकाळी आईच्या मजुरीचा हिशेब तोंडी सांगतं. दादरला फुलं घेऊन जाणाऱ्या आईबरोबर पहाटेची लोकल पकडणारी मुलगी वर्गात पेंगते. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ एवढंच येतं. आणि आईबाप? ‘आमच्यात कुठली एवढी हुशारी’ म्हणून तेच मागे सरतात. हे वाक्य मुलासमोर बोलू नका, एवढं माझं ऐका.

आता कामाचं बोलू. पालघरजवळच्या माहीमला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण मोफत. पाचवीत शिकणारं जिल्ह्यातलं मूल अर्ज करू शकतं, परीक्षा मराठीतून देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. प्रश्नपत्रिकेचा निम्मा भाग बौद्धिक चाचणीचा असतो, म्हणजे आकृत्या, त्यांतलं साम्य आणि क्रम. घरी कुणाला इंग्रजी येतं की नाही, याचा तिथे संबंध नाही. नियम चांगलेच आहेत. पण वसई तालुक्यातल्या भाताणे-मेढ्याच्या पाड्यावरच्या मुलाचा अर्जच भरला गेला नाही, तर त्या राखीव जागेचा त्याला काय उपयोग? तिथेही क्लासवालेच पोचतात.

ज्यांची मुलं क्लासला जातात त्यांनाही एक सांगायचंय. जुन्या सराव प्रश्नपत्रिका रद्दीत घालू नका, शाळेत नेऊन द्या. फॉर्म भरताना तुमच्या मोबाइलवरून शेजारच्या मुलीचाही भरा. तिच्यामुळे तुमच्या मुलाची जागा जाईल अशी भीती वाटते, मला माहीत आहे. जाईलही कदाचित. मग ती जागा तिचीच होती.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका. तुम्ही तिथे असाल तर पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि गॅदरिंगच्या आधी पाचवीची हजेरी मागवा. किती अर्ज गेले ते विचारा. ज्यांचे गेले नाहीत त्यांची नावं वाचून दाखवायला सांगा.