मोठं इंजिन बसवण्याआधी

बाबू, तुझ्या मॉडेल जेटमधलं ६० न्यूटनचं टर्बाइन काढून १०० न्यूटनचं बसवायचं म्हणतोस. बसव, माझी ना नाही. पण तुझ्या कॉलेजातली पोरं आधी इंजिनाचा व्यास मोजतात, माउंटची भोकं जुळवतात आणि तयारी झाली असं समजतात. इंजिन काय, कुठंही बसतं. विमान मोडतं ते पंखाच्या मुळाशी, नाहीतर शेपटीत.

हिशेब करून बघ. सपाट उड्डाणात पुढं ढकलणारा जोर हवेच्या अडथळ्याएवढा असतो, आणि अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. जोर १.६७ पट केलास तर कमाल वेग जेमतेम २९ टक्के वाढेल. वाऱ्याचा दाब मात्र पुरता १.६७ पट होईल, आणि तो पंख, एलिव्हेटर, रडर सगळ्यांवर येईल. १०० न्यूटन म्हणजे दहा किलोंचा रेटा, माउंटला तेवढाच सोसायचा आहे. तेच आठ किलोचं विमान भरवेगात झटक्यानं वर खेचलंस आणि १० जी लागले, तर पंखांना ८० किलो उचलावे लागतात. आता सांग, पहिला कार्बन कुठं लावायचा?

आपल्या वायुसेनेसाठी हे मोठ्या मापात करून झालंय. किरण ट्रेनर ४ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडालं तेव्हा त्यात व्हायपर इंजिन होतं, जोर अडीच हजार पौंड. ३० जुलै १९७६ ला किरण मार्क टू उडालं ते ऑर्फियस घेऊन, जोर चार हजार पौंडांच्या वर. प्रमाण जवळपास तुझंच आहे. पण तो जोर वेगाच्या हौसेसाठी नव्हता. पंखाखाली शस्त्रं टांगून सराव देता यावा म्हणून होता, आणि त्यासाठी पंखांखाली चार जागा केल्या होत्या. सूर्यकिरणची पोरं पुढं कित्येक वर्षं याच मार्क टू वर कसरती करत होती. उलटं उदाहरण मारुत या लढाऊ विमानाचं. त्याला आफ्टरबर्नर बसवायला धडाचा मागचा भाग फुगवावा लागला आणि मिळालेला बराचसा जोर त्या फुगवट्याच्या अडथळ्यानं खाल्ला. तेव्हा मोठ्या पाइपसाठी शेपटीखाली ढोबळ खोकं चिकटवायचा विचार असेल तर सोडून दे.

आता पंख. स्पारला वर एक पट्टी, खाली एक पट्टी. विमान वर खेचलं की खालची ताणली जाते, वरची दाबली जाते, आणि आधी दगा देते ती वरची, वाकून. म्हणून कार्बनची पट्टी दोन्हीकडं लाव, पण हात आखडायचाच असेल तर वरच्या बाजूला आखडू नको. दोन पट्ट्यांच्या मधली उभी भिंत, म्हणजे शिअर वेब, सगळे विसरतात. ती नसली तर वरचा-खालचा कार्बन एकमेकांना ओळखत नाही. बाल्साची भिंत घाल, लाकडाच्या रेषा उभ्या ठेव, आडव्या नाही. आणि पट्टी पंखाच्या मध्यावर एकदम तोडू नको, टोक लांब निमुळतं काप. कडकपणा जिथं अचानक संपतो, पंख तिथंच मोडतो. पिळासाठी वेगळं औषध आहे: पुढच्या कडेला काचेचं पातळ कापड ४५ अंशात तिरकं. सरळ घातलेलं कापड पिळाला फारसं कामाचं नाही.

पंखातला जोर पंखाच्या नळीतून धडाच्या फॉर्मरमध्ये जातो. नळी जाडजूड आणि फॉर्मर फर्निचरच्या प्लायचा, असं काऊन करता रे तुम्ही? बर्च प्लायच हवा. जुन्या फॉर्मरला पाठीमागून पातळ प्लाय जोड, कोपऱ्यात इपॉक्सीत कापसाची भुकटी मिसळून गोलसर भरण दे. त्याआधी धडाचं फायबर आतून सँडपेपरनं खरखरीत कर आणि आयसोप्रोपिलनं पूस. चकचकीत फायबरवर इपॉक्सी नुसती बसते, धरत नाही.

शेपटीकडं मी सर्वांत कडक नजरेनं बघतो. सर्वो चालू ठेवून एलिव्हेटरचं टोक बोटानं हलव. ढिलाई जाणवली तर उडवायचं नाही. ढिलाईतून फ्लटर येतो, आणि फ्लटर डोळ्याची पापणी लवायच्या आत शेपटी उपटून नेतो. दोन्ही एलिव्हेटरना स्वतंत्र सर्वो दे, धातूच्या गिअरचे, जुन्याच्या निदान पावणेदोनपट टॉर्कचे. पुशरॉड आखूड आणि सरळ. हवेत भुर्र असा आवाज आला तर लगेच थ्रॉटल खाली, हळूच नाक वर, आणि उतर.

मजबुतीच्या नावाखाली वजन लादू नको. मोठं टर्बाइन जड, ते बसणार मागं, म्हणजे गुरुत्वमध्य मागं सरकणार. शिसं शोधायच्या आधी बॅटरी, पंप, इंजिन सांभाळणारा ईसीयू नाकाकडं ने. वजन दहा टक्के वाढलं की उतरतानाचा वेग पाच टक्के वाढतो, आणि आपल्या मुरमाच्या पट्टीवर तो पाच टक्के चाकांच्या पाट्या उखडायला पुरतो.

रामटेकचं ऊन हिशेबात धर. ४५ अंशात हवा १५ अंशांच्या मानानं नऊ टक्के विरळ असते, इंजिनाचा जोरही तसाच उतरतो. त्याहून वाईट म्हणजे घरच्या तापमानाला वाळवलेली इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढं मऊ पडायला लागते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं काळ्या पंखाचं विमान तेवढं सहज तापतं. पांढरा रंग दे, सावलीत ठेव.

मग परीक्षा. विमान उलटं करून धडाखाली टेकू दे आणि पंखांवर वाळूच्या पिशव्या मांड, मुळाशी जास्त, टोकाकडं कमी. आठ किलोच्या विमानाला दहा जीसाठी ८० किलो, त्यातून पंखांच्या वजनाच्या दहापट वजा. चढवताना कान देऊन ऐक. उतरवल्यावर नाण्यानं टकटक करत पंखभर फिर, सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. खऱ्या विमानांवरही आम्ही असंच शोधायचो.

ईसीयूमध्ये कमाल आरपीएम आधी खाली बांधून ठेव. माझं मत विचारशील तर नेहमीसाठीच थोडं खाली ठेव. जादा जोर उन्हाळ्यात आखूड पट्टीवरून उठायला वापर, सपाटीवर वेग मारायला नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं आहे. डिजिटल स्कायचा नकाशा बघितल्याशिवाय निघू नको. खिंडसीच्या बोटींवर, गडावर, त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेच्या बाजूला तर नाहीच. वाळलेल्या गवतात रॉकेलचं इंजिन सुरू करताना आग विझवायची नळकांडी हाताशी हवी, गाडीच्या डिकीत नाही.

आणि पंखावर कव्हरिंग चढवायच्या आधी एकदा उघडा पंख माझ्याकडं घेऊन ये. झाकल्यावर मला काही दिसत नाही.