परगावचा मुक्काम आणि रात्रीचे जेवण

(कामासाठी परगावी गेलेल्या माणसाने रात्रीचे पोटभर व परवडणारे जेवण कसे शोधावे, हे या पाठात अकोला आणि अमरावती या वऱ्हाडातील दोन शहरांच्या आधारे सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज शाळा सुटली की तुम्ही घरी जाता आणि तयार ताटावर बसता. पण काही वर्षांनी तुमच्यापैकी कोणी मुलाखतीसाठी अकोल्याला जाईल, कोणी विद्यापीठाच्या कामासाठी अमरावतीला. कोणी औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी होऊन गावोगाव फिरेल. दिवसभराचे काम आटोपून तुम्ही लॉजवर परत याल, हातपाय धुवाल आणि पहिला प्रश्न मनात येईल, ‘आता जेवायचे कुठे?’

हा प्रश्न लहान समजू नका. नव्या नोकरदाराला दिवसाचा भत्ता ठरवून दिलेला असतो. त्यातच चहा, रिक्षा आणि दोन वेळचे जेवण भागवायचे असते. जो लॉजच्या खालच्याच झगमगीत उपाहारगृहात शिरतो, त्याचा दिवसभराचा भत्ता एका ताटात संपतो. याच्या उलट करणारेही मी पाहिले आहेत. पैसे वाचावेत म्हणून ते दोन कचोऱ्या खाऊन वर पाणी पितात आणि झोपतात. सकाळी मुलाखतीच्या वेळी त्यांचे डोके दुखत असते. घरी चार पैसे पाठवायचे आहेत म्हणून उपाशी राहणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

पूर्वी प्रवासी घरूनच शिदोरी बांधून निघत. मुक्कामाला सराई किंवा धर्मशाळा असे. तेथे तीन दगडांची चूल मांडून लोक स्वतःच भाकरी भाजत. याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गरीब प्रवाशांसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. मोठ्या शहरात आलेल्या गरिबाची निवाऱ्याची आणि अन्नाची किती आबाळ होते, हे त्यांना माहीत होते.

पुढे कापसाच्या व्यापारामुळे वऱ्हाडातील शहरे वाढली. १८९७ साली येथील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. हंगामात शेतकरी, दलाल, हमाल, गाडीवान बाजाराच्या गावी येत. त्यांना रात्री गरम जेवण हवे असे. अशा घराबाहेर राहणाऱ्या माणसांवरच खाणावळ चालते. मुंबईत गिरणी कामगारांसाठी अनेक स्त्रिया घरच्या घरी खाणावळी चालवत. सावकारांच्या कर्जातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. म्हणजे खाणावळीत जेवणाऱ्याचे पोट भरते आणि चालवणारीचे घर चालते.

‘खाणावळ’ हा शब्द तुम्हांला अवघड जाणार नाही. मराठी ‘खाणे’ आणि उर्दू ‘खाना’ ही भावंडेच आहेत. वऱ्हाडात पुष्कळ पाट्यांवर तो ‘खानावळ’ असाही लिहिलेला दिसतो. ‘भोजनालय’ म्हणजे बहुधा तेच, जरा मोठे. ‘मुक्काम’, ‘हिशेब’, ‘जादा’, ‘किफायतशीर’ हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. मात्र उर्दूत ‘मुक़ाम’ म्हणजे जागा. मराठीत ‘मुक्काम करणे’ म्हणजे रात्री तेथे राहणे.

आता खाणावळ शोधायची कशी? मोबाइलच्या नकाशावर मोठी उपाहारगृहे लगेच दिसतात. गल्लीतली खाणावळ तेथे पुष्कळदा नसते. तिला कधीकधी पाटीही नसते. म्हणून एक विचार करा. या शहरात घराबाहेर राहून रोज जेवणारे लोक कोण? वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, रुग्णालयातील रोग्यांचे नातेवाईक, कचेरीत तारखेसाठी आलेले पक्षकार, बाजार समितीतले हमाल, डाळ गिरण्यांतले कामगार. अकोल्यात डाळ गिरण्या बऱ्याच आहेत, शिवाय १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. अमरावती हे विभागाचे मुख्य ठिकाण आहे आणि तेथे १९८३ पासून विद्यापीठ आहे. अशा ठिकाणांच्या आसपास परवडणारे ताट असणारच. रोज जेवणारा माणूस महाग किंवा शिळे अन्न फार दिवस सहन करत नाही. त्यामुळे जेथे महिन्याचे सभासद जेवतात, तेथे तुम्हीही निर्धास्त बसा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विचारणे. पण ‘चांगले हॉटेल कुठे आहे?’ असे विचाराल तर लोक महागडे हॉटेल दाखवतील. कारण पाहुण्याला उत्तम तेच सांगावे, असे त्यांना वाटते. लॉजच्या व्यवस्थापकाला किंवा रिक्षावाल्याला असे विचारा :

प्रवासी : काका, इथे जवळपास घरगुती जेवणाची खाणावळ आहे का?
व्यवस्थापक : आहे ना भाऊ. समोरच्या गल्लीत जा. तिथं चांगलं जेवन भेटते.
प्रवासी : रात्री किती वाजेपर्यंत चालू असते?
व्यवस्थापक : साडेनवापर्यंत. उशीर नका करू.

खाणावळीत गेल्यावर :

प्रवासी : मावशी, एका ताटाचे किती? ताटात काय काय असते?
मावशी : चार पोळ्या, दोन भाज्या, वरन-भात. जादा पोळीचे वेगळे. बसा ना भाऊ, भाजी होऊन राहिली.

पुस्तकात तुम्ही ‘जेवण मिळते’ असे शिकलात; वऱ्हाडी माणूस ‘जेवन भेटते’ म्हणतो. ‘भाजी होऊन राहिली’ म्हणजे ‘भाजी होत आहे’. तुमच्या उर्दूतील ‘हो रही है’शी हे किती जुळते पाहा! (परीक्षेत मात्र ‘होत आहे’ असेच लिहा.) आणखी काही शब्द ध्यानात ठेवा. येथे ‘सांभार’ म्हणजे कोथिंबीर. ‘बेसन-भाकर’ म्हणजे पिठले किंवा झुणका आणि ज्वारीची भाकरी. बहुधा हेच सर्वांत स्वस्त ताट. तिखटाची सवय नसेल तर ‘तर्री कमी घाला’ असे सांगावे. मांसाहाराबाबत काही शंका असेल तर शाकाहारी खाणावळीत जावे. वऱ्हाडच्या तुरीचे गरम वरण आणि भात मिळाल्यावर तक्रारीला जागा राहत नाही. अमरावतीचा गिला वडा अवश्य चाखा, पण त्याला जेवण समजू नका.

बसण्यापूर्वी दर विचारण्यात लाज नाही. समजा, खाणावळीतले ताट १०० रुपयांचे आहे. दुसरीकडे एक भाजी १४० रुपयांना आणि एक रोटी १५ रुपयांना मिळते. चार रोट्या आणि एक भाजी घेतली तर २०० रुपये झाले, आणि भात अजून आलाच नाही! ‘अमर्यादित थाळी’ ही पाटीही नीट वाचा. कमी खाणाऱ्याला ती महागच पडते.

बिलाकडेही लक्ष द्या. सर्वसाधारण उपाहारगृहात वस्तू व सेवा कर ५ टक्के असतो, म्हणजे १०० रुपयांचे १०५. जे छोटे व्यावसायिक ‘कंपोझिशन’ योजनेत असतात, त्यांना हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. ‘सेवा शुल्क’ हा सरकारी कर नव्हे. ते आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आहे. कोणी अडून बसलेच तर ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कार्यालयात खर्च दाखवायचा असेल तर पक्के बिल आधीच मागून घ्या.

स्वस्त जेवणाच्या सरकारी योजनाही होऊन गेल्या आहेत. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. ती फार वर्षे टिकली नाहीत. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे ताट दहा रुपयांत मिळू लागले. शहरात त्या ताटासाठी केंद्रचालकाला ५० रुपये धरलेले होते, म्हणजे उरलेले ४० रुपये सरकार देई. पण ही थाळी दुपारच्या ठरावीक वेळेतली. रात्रीचा प्रश्न तिने सुटत नाही. ज्याला तिचा लाभ मिळेल, त्याने दुपारचे पैसे वाचवून रात्री नीट जेवावे.

उन्हाळ्यात अधिक जपावे लागते. अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत आंबते. म्हणून डोळ्यांसमोर गरम केलेलेच अन्न घ्या. उघड्यावरची चटणी आणि कापून ठेवलेला कांदा टाळा. पाणी स्वतःच्या बाटलीतले प्या.

मुलींनो, तुम्हीही कामासाठी फिराल. अनोळखी शहरात रात्री एकटीने बाहेर पडावेसे वाटले नाही, तर खाणावळीतून लॉजवर डबा मागवता येतो. दुपारीच जाऊन वेळ आणि पैसे ठरवून यावे.

गाडीच उशिरा पोहोचणार असेल तर? अकोला स्थानक मुंबई-हावडा मुख्य मार्गावर, शहरातच आहे. अमरावतीला जाणाऱ्याला मात्र पुष्कळदा बडनेऱ्याला उतरावे लागते आणि तेथून दहा-एक किलोमीटर पुढे जावे लागते. रात्री साडेनऊला बडनेऱ्याला उतरलात तर शहरात पोहोचेपर्यंत खाणावळीतल्या चुली विझलेल्या असतात. अशा दिवशी स्थानकाजवळच जेवून पुढे निघा. रमजान महिना असेल तर मुस्लिम वस्तीतली दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात. नाहीतर घरून निघतानाच दोन भाकरी, ठेचा आणि भाजलेले शेंगदाणे फडक्यात बांधून घ्या.